ओसरीचे खांब

आमच्या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात जुना माणूस घराचा आकार फुटांत सांगत नाही. "पाच खणांचं घर आहे," असे म्हणतो. खण म्हणजे दोन तुळयांच्या मधली जागा. पाहुणा ओसरीवर टेकला, पाण्याचा तांब्या हातात घेतला की त्याची नजर आधी वर जायची. खण किती, तुळया कशाच्या, खांब केवढे, हे मनातल्या मनात मोजून झाले की घरच्यांची ऐपत त्याला कळायची. सोयरीक जमवायला आलेली माणसे तर हे हमखास करत. 'खाल्ल्या घरचे वासे मोजणे' हा वाक्प्रचार आपण कृतघ्नपणासाठी वापरतो, पण वासे मोजण्यासारखे असत, म्हणूनच तो भाषेत आला.

मंडळी, मी चौतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, काही वर्षे शिरूर तालुक्यात आणि बाकीची दौंडला. क्रमिक पुस्तकात लढाया होत्या, तह होते, सनावळ्या होत्या. घर कशावर उभे राहते याला तिथे जागा नव्हती. निवृत्तीनंतर सवड मिळाली आणि आमच्या गावच्या घराच्या खांबांचा प्रश्न कुटुंबात निघाला, तेव्हापासून मी हा विषय जरा मुळापासून पाहते आहे. खांब कशाचा हा प्रश्न सुताराचा वाटतो, पण खोदत गेले तर त्यात राजा येतो, सावकार येतो, ब्रह्मदेश येतो आणि आगगाडीही येते. म्हणून हा लेख.

आधी घराची रचना. आपल्याकडचे माळवदी घर बाहेरून जाड भिंतींचे दिसते, त्यामुळे छप्पर भिंतींवर बसले असेल असे वाटते. चांगल्या घरात तसे नसते. खांब, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, त्यावर फळ्या किंवा काटक्यांचे किलचण आणि सर्वांत वर वीतभर पांढरी माती. एवढे सगळे ओझे लाकडी सांगाड्यावर. भिंत आडोशापुरती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि वरच्या मातीच्या ओझ्याने हजारो माणसे गेली. पण जिथे छताचा भार खरोखर लाकडी खांबांवर होता तिथे भिंती बाहेर कोसळूनही सांगाडा उभा राहिलेली घरे पाहणी करणाऱ्यांना दिसली. पूर्वजांचा खण चुकीचा नव्हता. त्याच्या भोवती दगड-माती वाढत गेली आणि लाकूड कमी होत गेले.

आता यातले आतले खांब आणि बाहेरचे खांब यांत फरक आहे. आतला खांब सावलीत असतो. त्याला धूर लागतो, माणसांच्या पाठींचे तेल लागते, तो काळाभोर आणि गुळगुळीत होतो. ओसरीचा किंवा पडवीचा खांब मात्र उघड्यावर उभा असतो. आपल्या भागात पाऊस तसा बेताचा, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. लोणावळ्याला त्याच्या कित्येक पट पडतो. तेव्हा कोकणात लाकूड कुजते त्या अर्थाने इथे कुजत नाही. इथले शत्रू दोन. एक चैत्र-वैशाखाचे ऊन, जे लाकडाला उभ्या भेगा पाडते, आणि दुसरी वाळवी. जूनमधला पहिला पाऊस त्या भेगांत शिरतो आणि वाळवीला दार उघडून देतो. म्हणून बाहेरच्या खांबाला रंग द्यायची पद्धत पडली. रंगाचा विषय पुढे येईलच.

खांब जमिनीत पुरायचा नाही, हे जुन्या सुतारांना पक्के ठाऊक होते. खाली दगडी तळखडा. खांबाच्या बुडाला ठेवलेली छोटी खुंटी तळखड्याच्या भोकात बसते, एवढेच. लाकडाच्या अंगावर पडलेले पाणी ओघळून जाते, पण लाकडाचे कापलेले टोक पाणी पिते. झाड उभे असताना मुळांकडून शेंड्याकडे पाणी नेणाऱ्या बारीक नळ्या खांबातही तशाच असतात. बूड ओल्या मातीत ठेवले तर त्या नळ्या आपले जुने काम पुन्हा सुरू करतात. तळखडा ही केवळ शोभेची बैठक नाही, खांबाचे आयुष्य तिच्यावर ठरते.

लाकूड कोणते? तर ज्याच्या हाती जे होते ते. आमच्या नदीकाठच्या गावांत बाभूळ उदंड. इथे मी देशी बाभळीबद्दल बोलते आहे, अलीकडे सगळीकडे माजलेल्या वेड्या बाभळीबद्दल नाही. ती कोळशालाच बरी. देशी बाभूळ कठीण, जड आणि चिवट. नांगर, कुळव, गाडीची चाके सगळे तिचे. बलुतेदार सुताराचा हात बाभळीवर बसलेला असे, कारण बलुत्याचे काम शेतीच्या औजारांचे. घरबांधणीचे काम वेगळे ठरवून, वेगळी मजुरी देऊन व्हायचे. बाभळीची खोड एकच, ओली वापरली तर तिला भुंगा लागतो. म्हणून ओंडके काही महिने विहिरीत नाहीतर डोहात बुडवून ठेवत. पाण्यात तिच्यातला गोड रस निघून जातो, आणि ज्या पिठासाठी किडा येतो ते पीठच उरत नाही. मग सावलीत वाळवायची. लहानपणी डोहात असे ओंडके दोराने बांधलेले मी पाहिले आहेत. आम्ही मुले त्यांच्यावर बसून पोहायला शिकलो.

बाभळीचा दुसरा दोष असा की ती सरळ वाढत नाही. सात-आठ फुटांचा सरळ खांब मिळणे नशिबाची गोष्ट. मग बेताच्या घरांत कडुनिंबाचा खांब येई. तोही वाळवीला बऱ्यापैकी दाद देत नाही. जांभूळ पाण्यात टिकते म्हणून विहिरीच्या कामाला. आंबा मऊ, तो फळ्यांना आणि पेटाऱ्यांना ठीक, बाहेरच्या खांबाला नाही. पश्चिमेकडच्या डोंगरातून ऐन आणि हेद यायचे. आणि या सगळ्यांच्या वर साग.

सागाची कीर्ती उगाच नाही. त्याच्या गाभ्यात एक तेलकट द्रव्य असते. त्यातल्या टेक्टोक्विनोन नावाच्या घटकामुळे वाळवी त्याला तोंड लावत नाही. वाळल्यावर तो फारसा आखडत नाही, वाकत नाही. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागातून बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या धक्क्याला पाण्यावर उभे आहे. १८१७ म्हणजे खडकीच्या लढाईचे वर्ष. पेशवाई गेली, कंपनी सरकार गेले, इंग्रजांचे साम्राज्यही गेले, पण ते जहाज तरंगते आहे.

पण साग सर्वांसाठी नव्हता. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' हे १७१५-१६ च्या सुमाराचे. त्यात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचा प्रसिद्ध भाग आहे. सागासारखी झाडे राज्यातल्या अरण्यातून हुजूरच्या परवानगीने तोडावीत, पण रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, असा त्याचा आशय. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. फारच जीर्ण झालेले झाड हवे असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावे. वर्गात हा भाग आला की मुले आंब्याकडेच बघत, आणि ते बरोबरच होते. पण त्यातच दुसरीही गोष्ट सांगितलेली आहे. साग हा तेव्हाही सरकारचा होता. रानात उभा असला तरी कुणबी उठून तो तोडू शकत नव्हता.

पेशव्यांनी १७३० ते १७३२ मध्ये शनिवारवाडा बांधला. त्याचा साग जुन्नरच्या जंगलांतला, दगड चिंचवडच्या खाणींतला आणि चुना जेजुरीचा, असे सांगितले जाते. तिथल्या सुरूच्या आकाराच्या खांबांची टूम मग सरदारांच्या वाड्यांत आली आणि वाड्यांवरून गावच्या पाटला-देशमुखांच्या ओसरीवर आली. खाली निमुळता, मध्ये फुगीर, वर पुन्हा निमुळता होत गेलेला खांब तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेलच. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. दगडी तट आणि जोती राहिली.

आता आमच्या शिरूर तालुक्यातली एक गोष्ट सांगते. ती इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीत येते, पण मला ती फार मोठी वाटते. डिसेंबर १८७४. गाव कर्डे. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या शेतकऱ्यावर दीडशे रुपयांच्या कर्जापायी हुकूमनामा मिळवला, आणि त्याचे घर ताब्यात घेऊन ते पाडायला सुरुवात केली. गाव संतापले. सावकारांवर बहिष्कार पडला, कोणी त्यांच्या शेतात राबेना, कोणी त्यांची हजामत करीना, पाणी भरीना. ही ठिणगी गावोगाव गेली आणि १२ मे १८७५ ला तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात सुप्याच्या बाजारात दंगा उसळला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत रोख्यांच्या होळ्या झाल्या. चौकशीला कमिशन बसले आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. 'दख्खनचे दंगे' म्हणून आपण परीक्षेला लिहितो ते हेच.

मी नेहमी या एका शब्दाशी थबकते. घर पाडले. कर्ज वसूल करणारा माणूस घर पाडून काय मिळवतो? जमीन घेतली तर पीक मिळते, घर भाड्याने दिले तर भाडे मिळते. सावकाराच्या मनात अद्दल घडवणे असेल, आणखीही काही असेल. पण आपल्याकडच्या घराची रचना ज्याला ठाऊक आहे त्याला एक गोष्ट दिसते. पाडलेल्या माळवदाची माती पांढरीत मिसळून जाते, दगड तिथेच पडून राहतो, आणि विकण्याजोगे उरते ते लाकूड. खांब, तुळया, कड्या, चौकटी. देशमुखाच्या घरात चांगले लाकूड असणारच. गावाला काय वाटले असेल, याचीही मला कल्पना येते. जमीन गेली तर माणूस गरीब होतो. ओसरीचे खांब गाडीत घालून नेताना पाहिले, की गावातून घराण्याचे नावच निघून जाते. लढाई खांबांसाठी झाली असे मी म्हणत नाही. पण खांब मोजणाऱ्या समाजात घर पाडण्याचा अर्थ काय होता, हे विसरून त्या घटनेकडे पाहता येत नाही.

याच शिरूरला, म्हणजे घोडनदीला, इंग्रजांची छावणी होती. कॅप्टन स्टॉंटनची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला लढाई झाली, हे सर्वांना माहीत आहे. छावणीबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे बंगला. वाड्याचा चौक आत असतो, बंगल्याचा व्हरांडा बाहेर. वाडा रस्त्याकडे पाठ करून बसतो, बंगला चारी बाजूंनी उघडा. त्यामुळे ऊनपावसात उभ्या राहणाऱ्या खांबांची संख्या एकदम वाढली, आणि साहेबाला ते पांढरे नाहीतर हिरवे रंगवलेले हवेत. आपल्याकडे लाकडाला जवसाचे तेल पाजत, वाळवीसाठी बिब्ब्याचे तेल लावत, काव-गेरूचा हात देत. लाकूड पूर्ण झाकून टाकणारा तेलरंगाचा जाड थर ही या बंगल्यांची देणगी. हळूहळू गावातल्या सधन घरांनीही ओसरी पुढे काढली, तिला पत्रा घातला आणि खांब रंगवले.

एवढा साग आणायचा कुठून? सह्याद्रीतला आणि मलबारातला साग आरमारासाठी आधीच ओरबाडला गेला होता. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना जंगलांचे पहिले संरक्षक नेमले. हे गृहस्थ मूळचे डॉक्टर, पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख होते. त्या काळात नदीकाठची बाभूळबनेसुद्धा सरकारी राखीव झाली, कारण तोफांच्या गाड्यांना आणि चाकांना बाभूळ लागे. म्हणजे पूर्वी साग सरकारचा होता आणि बाभूळ कुणब्याची. आता बाभळीचीही मोजदाद सुरू झाली. १८७८ च्या जंगल कायद्याने हे सगळे पक्के केले.

साग मग समुद्रापलीकडून आला. १८२६ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा दक्षिण किनारा घेतला, १८५२ मध्ये रंगून घेतले, आणि मोलमीन-रंगूनचा साग मुंबई बंदरात उतरू लागला. १८६३ मध्ये बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली. ओंडक्यांची संख्या कमी दाखवल्याच्या आरोपावरून ब्रह्मी दरबाराने या कंपनीला जबर दंड केला. त्या निमित्ताने १८८५ मध्ये युद्ध झाले आणि उरलेले राज्यही बुडाले. ते राज्य गमावलेला राजा थिबा आपल्या रत्नागिरीला नजरकैदेत राहिला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. थिबा पॅलेस पाहायला शाळेच्या सहली जातात. तिथे गेल्यावर मुलांना एवढे सांगा, की बाळांनो, या राजाच्या राज्याच्या शेवटाला सागाचे ओंडके निमित्त झाले. त्या ओंडक्यांतले काही आपल्या आजोबांच्या ओसरीला आहेत.

ओसरीपर्यंत ते आले आगगाडीने. पुण्याला गाडी १८५८ मध्ये आली, १८६० पर्यंत रूळ दौंडवरून सोलापूरला पोचले, १८६३ मध्ये बोर घाट खुला झाला आणि मुंबई बंदरातला माल थेट वाघिणीतून देशावर येऊ लागला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला, म्हणजे जंगल कायद्याच्याच साली. दौंड जंक्शन झाले. रेल्वेने बरोबर आपली घरेही आणली. एका साच्यातली, पुढे व्हरांडा असलेली, रंगवलेल्या खांबांची. माझे यजमान रेल्वेत होते, आम्ही अशाच क्वार्टरमध्ये अठरा वर्षे काढली. एकदा रंगारी खांब खरवडत होता, तेव्हा करड्या रंगाखाली हिरवा, त्याखाली तपकिरी आणि त्याखाली शेंदरी लाल असे थर निघाले. सगळ्यांत खाली लाकूड जसेच्या तसे, नख लावले तर नखच तुटावे. शेजारीच नव्या पडवीला बदललेला एक खांब होता. त्याच्यावर रंग चकचकीत होता, पण बोटाने दाबले तर आत गेले. रंगाची कातडी उभी होती, आतला खांब वाळवीने नेला होता.

दौंडने खांबाचा आणखी एक प्रकार गावांना दिला, मोडीत काढलेले रूळ. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर गोठ्याला, पडवीला रुळाचे तुकडे उभे केलेले अजून दिसतात. त्यांना वाळवी नाही, भेग नाही. उन्हात मात्र त्यांना पाठ टेकता येत नाही.

आता घरचा विषय. आमचे सासरचे घर शिरूर तालुक्यात, सात खणांचे. ओसरीला चार खांब, सागाचे, वरून निळा तेलरंग. त्यांतले दोन बुडाशी गेले. धाकट्या भाऊजींचे म्हणणे असे पडले की आता घरात कोणी राहत नाही, पुण्याला जुन्या लाकडाला भारी गिऱ्हाईक आहे, हॉटेलवाले असले खांब दिवाणखान्यात लावतात. आतले चांगले खांब आणि तुळया विकाव्यात, वर पत्रा टाकावा आणि ओसरीला नवे, साधे लाकूड लावावे. पुतण्या म्हणाला, "काकू, शेवटी ऑइलपेंटच मारायचाय ना? मग खाली लाकूड कुठलंही असेना!"

हा प्रश्न वरवर बिनतोड आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. रंग पाणी अडवतो, पण दोन्ही बाजूंनी अडवतो. लाकूड ओले असताना रंगवले तर आतली ओल बाहेर पडू शकत नाही. ती आतच राहून लाकूड सडवते आणि रंगाला फोड येतात. वाळलेले लाकूडसुद्धा हवेप्रमाणे फुगते-आखडते, रंग तेवढा ताणत नाही, मग सांध्यांशी आणि बुडाशी बारीक चिरा पडतात. पाणी तिथून आत जाते आणि रंगामुळेच लवकर सुकत नाही. त्यामुळे उघड्या खांबापेक्षा रंगवलेल्या खांबाला लाकूड अधिक चांगले लागते. उघड्या खांबाचे दुखणे दिसते. रंगवलेल्याचे तो पडायला आल्यावर कळते.

शिवाय रंग आणखी एक गोष्ट झाकतो. सागाचा गाभा टिकतो, सालीलगतचा पांढरा भाग टिकत नाही. त्याला वाळवी इतर कुठल्याही लाकडासारखीच खाते. लागवडीचा कोवळा साग आला की त्यात पांढरा भाग जास्त. एका वखारीत आम्हाला 'अस्सल साग' म्हणून दाखवलेल्या खांबाला तपकिरी हात फिरवलेला होता. टोक तासून बघितले तर अर्धा खांब पांढरा. दुकानदार म्हणाला, "बाई, रंगाखाली कोण बघतंय!" म्हणजे पुतण्याचेच वाक्य, फक्त विकणाऱ्याच्या तोंडून.

माझी भाची अमेरिकेत असते. तिने फोनवर सांगितले, की मावशी, आमच्या पोर्चचे खांब तर साध्या पाईनचे आहेत, औषध भरलेले, आणि चांगले टिकतात. तिचे खरे आहे. आणि गंमत अशी, की लाकडात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे क्षार दाबाने भरायची जी पद्धत जगभर गेली, ती आपल्याच डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत डॉ. सोंटी कामेशन यांनी १९३३ मध्ये शोधली. पुढे आर्सेनिकच्या भीतीने अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापरातून ती काढून घेतली गेली आणि तांब्याची दुसरी औषधे आली. म्हणजे साधे लाकूडही चालते, पण त्याच्या आत औषध गेलेले असले तर. वरून ब्रशने फिरवलेले औषध हे देवळाबाहेरून केलेल्या नमस्कारासारखे.

मग आम्ही एका जुन्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी चारही खांब लाकडी हातोड्याने वरपासून खालपर्यंत ठोकून पाहिले. चांगले लाकूड खणखणीत वाजते, पोकळ झालेले बद वाजते. दोन खांबांचे फक्त खालचे दीड फूट गेले होते. कारणही त्यांनीच दाखवले. मागे कधी तरी ओसरीवर शहाबादी फरशी बसवताना तळखडे फरशीत बुडाले होते आणि ओसरी धुतलेले पाणी खांबाच्या बुडाशी साचत होते. लाकडाचा दोष नव्हताच. शंभर वर्षांहून जुना तो खांब फरशीने मारला होता. मिस्त्री म्हणाले, "ताई, खांब नका बदलू, पाय बदला." त्यांनी तुळईला खाली टेकू दिले, खराब भाग कापला आणि तेवढ्या उंचीचे नवे घडीव दगड, वरून बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवून, बसवले. कापलेल्या टोकाला आधी गरम जवसाचे तेल पाजले, मग रंग. चार नव्या खांबांच्या खर्चापेक्षा हे फारच स्वस्त पडले.

आतल्या तुळया विकायच्या की नाही, यावर मात्र अजून एकमत नाही. भाऊजींचे म्हणणे मी खोडून काढत नाही. रिकामे घर राखणे सोपे नाही, आणि सगळा भार त्यांच्यावरच आहे. 'घर पाहावे बांधून' म्हणतात, पण घर पाहावे सांभाळून, हेही तितकेच खरे. माझे एवढेच म्हणणे आहे, की विकायचे तर काय विकतो आहोत हे जाणून विकावे. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. आता वखारीत घाना, इक्वेडोर असल्या देशांतला लागवडीचा साग येतो. आपला चंद्रपूर-गडचिरोलीचा साग अजून उत्तम आहे, २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराला बल्लारपूरहून तोच गेला, पण तो आपल्या खिशाला झेपत नाही. बांधावर साग लावला तरी तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, आणि खांबाजोगा व्हायला नातवंडे मोठी व्हावी लागतात. आपल्या माळवदाखाली जे उभे आहे तसे लाकूड पुन्हा मिळणार नाही.

ज्यांच्याकडे ओसरीचे काम निघाले आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आधी आहे तो खांब ठोकून पाहा, बहुधा पाय बदलून भागते. नवा घ्यायचाच तर रंग दिलेला, हात फिरवलेला घेऊ नका, टोक तासून पांढरा भाग किती ते बघा. झाडाचा अगदी मधला गाभा खांबात आला असेल तर पुढे भेग पडते, तेही बघा. नवे लाकूड निदान एक उन्हाळा सावलीत वाळू द्या. साग तेलकट असतो, त्याला टर्पेंटाइनने पुसल्याशिवाय रंग धरत नाही. खांब उभा करण्याआधी त्याच्या दोन्ही टोकांना रंग पाजा, नंतर ब्रश तिथे पोचत नाही. जुना रंग कोरडा घासू नका. पूर्वीच्या तेलरंगांत शिसे असे, शेंदूर तर शिशाचाच. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून कडक मर्यादा आली, त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही. ओले करून खरवडा आणि लहान मुलांना लांब ठेवा. आणि दर वर्षी अक्षय तृतीयेच्या सुमारास, पाऊस यायच्या आत, बुडाशी एकदा बोट दाबून बघा.

आणखी एक विनंती नातेवाईकांना आणि इथे नेमाने वाचणाऱ्या सर्वांना आहे. तुमच्या गावच्या घराचे खण किती, खांब कोणत्या लाकडाचे, तळखड्यावर काही कोरलेले आहे का, हे एका वहीत लिहून ठेवा आणि चार फोटो काढा. घर ठेवायचे की विकायचे हे ज्याने त्याने ठरवावे. पण कर्ड्याच्या त्या देशमुखाच्या घराचे किती खण होते आणि ते खांब पुढे कोणाच्या ओसरीला लागले, हे आज कोणत्याच पुस्तकात नाही. आपल्या घरांचे तरी तसे होऊ नये.